काचेआडचं घर

नातीमुळे लिंडसे लोहानचा 'अ लिटल मोअर पर्सनल (रॉ)' हा दुसरा अल्बम ऐकला. २००४ च्या 'स्पीक'पेक्षा बराच उदास. डिसेंबर २००५ मध्ये तो आला तेव्हा ही नटी अवघी १९ वर्षांची. एका गाण्यात ती थेट वडिलांनाच जाब विचारते. व्हिडिओही तिनेच दिग्दर्शित केलाय: घरातलं भांडण दुकानाच्या काचेआड आणि बाहेर बघ्यांची गर्दी.

घरचं दुःख असं चव्हाट्यावर मांडू नये, असं मी नातीला म्हणणार होतो. तेवढ्यात एक जुनी वही आठवली. 'माझे वडील' या निबंधात एका विद्यार्थिनीने असंच काही लिहिलं होतं. मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ तपासून वही परत दिली.

मुली सांगतात हो. आपणच शुद्धलेखन बघत बसतो.