तडा दिसण्यापूर्वी

बीड जिल्ह्यातील श्रीक्षेत्र नारायणगडावर आषाढीला भाविकांची रीघ लागते. याच जिल्ह्यातून दसरा-दिवाळी उलटताच ऊसतोड मजुरांची हजारो कुटुंबे ट्रक-ट्रॅक्टरांतून साखरपट्ट्याकडे निघतात. यात्रेकरू असो वा मजूर, वाटेतील ओढ्यानाल्यांवरच्या पुलांवर तो नकळत विश्वास टाकत असतो. हा विश्वास सार्थ ठरविण्याची जबाबदारी कोणाची, हा आजचा प्रश्न आहे.

2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील पूल कोसळला आणि एस.टी.च्या दोन बसगाड्या प्रवाशांसह पुरात गेल्या. तो दगडी कमानींचा पूल 1928 सालचा. योगायोग असा की, अमेरिकेतील ओहायो नदीवरचा ‘सिल्व्हर ब्रिज’ही 1928 सालचाच. 15 डिसेंबर 1967 रोजी तो कोसळून 46 माणसे दगावली. कारण होते लोखंडी साखळीच्या एकाच पट्टीतील, जेमतेम अडीच मिलिमीटर खोलीची चीर. साखळीच्या प्रत्येक कडीत पट्ट्या दोनच. त्यांतील एक तुटताच सारा भार दुसरीवर आला आणि क्षणार्धात पूल नाहीसा झाला. ज्या पुलाचा एक अवयव निकामी होताच सगळा डोलारा ढासळतो, त्याची तपासणी इतर पुलांसारखी वरवर करून चालत नाही, हा धडा अमेरिकेने घेतला आणि 1971 मध्ये पूल-तपासणीचे राष्ट्रीय निकष लागू केले.

आपल्याकडे तपासणी होत नाही असे नव्हे. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर पाहणी करण्याची पद्धत जुनीच आहे. इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शक तत्त्वेही आहेत. परंतु कठड्यावरून खाली डोकावून घेतलेली नोंद ही तपासणी नव्हे. पाण्याखालील पाया किती खरवडला गेला, सांध्यांतील लोखंड किती गंजले, हे जवळ जाऊन, उपकरणे लावूनच कळते. मुंबईत 14 मार्च 2019 रोजी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळ जो पादचारी पूल कोसळून काही जणांचे प्राण गेले, त्याची संरचनात्मक तपासणी आधी झालेली होती आणि तो वापरण्यायोग्य ठरला होता. कागद शाबूत होता, पूल नव्हता.

यामागे अर्थकारण आहे. नवा पूल बांधला की कोनशिला बसते, उद्घाटन होते. जुन्या पुलाचा गंज खरवडला तर काहीच घडत नाही, आणि काही न घडणे हेच देखभालीचे फळ असते. न घडलेल्या अपघाताचे श्रेय कोणी मागत नाही. म्हणून अंदाजपत्रकात काटछाट करावयाची वेळ आली की पहिली कुऱ्हाड दुरुस्तीवर पडते. सावित्रीवरील नवा पूल 165 दिवसांत उभा राहिला, ही गोष्ट कौतुकाचीच. पण तीच तत्परता आधी का दिसू नये?

15 जून 2025 रोजी तळेगावजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरील लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळून चौघांचा बळी गेला. पूल धोकादायक असल्याचा फलक तेथे होता. पूल धोक्याचा ठरला तर तो प्रत्यक्ष बंद झाला पाहिजे आणि लोकांना पर्यायी वाट मिळाली पाहिजे. पर्याय न देता लावलेला फलक जबाबदारी प्रवाशाच्या माथी मारतो.

यावर उपाय अवघड नाहीत. एका अवयवावर विसंबणाऱ्या पुलांची प्रत्येक जिल्ह्याने वेगळी यादी करावी. तपासणीची तारीख व निष्कर्ष ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. देखभालीचा निधी अन्यत्र वळविता येऊ नये. आणि पूल बंद करण्याचा अधिकार अभियंत्याला निर्वेधपणे वापरता यावा. उसाच्या दुहेरी ट्रॉल्यांचा भार लहान पुलांना झेपतो काय, हेही हंगामापूर्वीच पाहावे.

पूल एका रात्रीत पडतो, पण तो पडण्याची तयारी वर्षानुवर्षे चाललेली असते. ती वेळीच पाहण्याचा खर्च थोडा असतो. न पाहण्याची किंमत मात्र ज्यांनी निर्णय घेतलेला नसतो, त्यांनाच मोजावी लागते.