ऊन आपले, उत्तरही आपलेच हवे

सध्या देशात सेमीकंडक्टरचा मोठा जयघोष चालू आहे आणि तो सर्वथा उचित आहे. मोहाली येथील सरकारी कारखाना १९८९ मध्ये आगीत भस्मसात झाल्यानंतर या क्षेत्रात आपण किती दशके गमावली, याचा हिशेब मांडताना आजही मन विषण्ण होते. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने ७६ हजार कोटी रुपयांची योजना जाहीर केली आणि साणंद, धोलेरा ही नावे सामान्य माणसाच्याही ओठांवर आली. ऑगस्ट २०२५ मध्ये ओडिशातील सिलिकॉन कार्बाइडच्या कारखान्याला मंत्रिमंडळाची मान्यता मिळाली. राष्ट्र स्वावलंबी व्हावे असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांना या घटनांचा अभिमान वाटणे स्वाभाविकच आहे.

परंतु या जयघोषात एक साधा प्रश्न झाकोळून गेला आहे. चिप आपण बनवू. पण ती आपल्या उन्हात टिकणार कशी?

मोबाइलमधील किंवा संगणकातील चिपविषयी आपण पुष्कळ ऐकतो. तिच्याच कुळातील, पण अंगाने दणकट अशी दुसरी शाखा आहे. ती माहिती हाताळत नाही, वीज हाताळते. थायरिस्टर, आयजीबीटी, मॉसफेट अशी तिच्यातील घटकांची नावे. सौरपंपाचा नियंत्रक, विजेवर चालणारी स्कूटर, रेल्वेचे इंजिन, कारखान्यातील ड्राइव्ह आणि घराच्या गच्चीवरील सौरयंत्रणेचा इन्व्हर्टर, या सर्वांचे हृदय म्हणजे हे घटक. वीज त्यांच्यातून वाहताना तिचा अल्पसा अंश उष्णतेत रूपांतरित होतो. हा अंश अवघा दोन-तीन टक्क्यांचा असतो. पण अनर्थ करावयास तेवढा पुरतो.

साडेसात अश्वशक्तीच्या पंपाचे उदाहरण घ्या. त्याच्या नियंत्रकातून साडेसहा-सात किलोवॉट वीज जाते. तीन टक्के हानी धरली तरी सुमारे दोनशे वॉट उष्णता होते. म्हणजे शंभर वॉटचे जुन्या पद्धतीचे दोन दिवे एका बंद पेटीत अहोरात्र नव्हे, पण दिवसभर जळत ठेवल्यासारखे झाले. त्यातही यातील बहुतेक उष्णता नखाएवढ्या काही चकत्यांत निर्माण होते. तेथून ती तांब्याच्या पत्र्यात, मग लेपातून अॅल्युमिनियमच्या फिन्समध्ये आणि शेवटी हवेत जावी लागते. या साखळीतील एक कडी जरी ढिली पडली, लेप नीट बसला नाही, स्क्रू सैल राहिला, फिन्समध्ये धूळ साचली, तरी उष्णता आत कोंडते आणि चकती करपते.

आता गणित पाहा. सिलिकॉनच्या अशा चकतीची सहनमर्यादा साधारणपणे १५० अंश सेल्सिअस असते आणि जाणता अभियंता तिला १२५ च्या आतच ठेवू पाहतो. समजा, पूर्ण भाराखाली ती भोवतालच्या हवेपेक्षा ७५ अंशांनी तापते. हवा २५ अंशांची असेल तर चकती १०० वर राहील, निश्चिंत असावे. पण वैशाखातील मराठवाड्यात हवाच ४३ अंशांवर जाते. त्यात पत्र्याची पेटी उघड्या उन्हात टांगलेली, म्हणजे आणखी १४-१५ अंशांची भर. चकती १३० च्या पलीकडे गेली. घटक लगेच जळत नाही. त्याचे आयुष्य मात्र झपाट्याने कमी होते. शेजारच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा तर ठोकताळाच आहे की, तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते. चांगला नियंत्रक असेल तर तो स्वतःला वाचवण्यासाठी वीज कमी करतो. म्हणजे ज्या भर दुपारी सूर्य सर्वाधिक देतो आणि पिकाला पाण्याची सर्वाधिक निकड असते, नेमक्या त्याच वेळी पंप मंदावतो. हा दोष सूर्याचा नाही आणि शेतकऱ्याचाही नाही. यंत्र ज्या हवेसाठी घडवले, ती हवा येथली नव्हती, एवढेच.

अशा घटकांची परदेशी माहितीपत्रके चाळून पाहावीत. ठळक अक्षरांत छापलेला विद्युतप्रवाहाचा आकडा पुष्कळदा घटकाचे आवरण २५ अंशांवर असताना मोजलेला असतो; १०० अंशांचा खरा उपयोगी आकडा त्याच्या खाली, बारीक ओळीत सापडतो. मोटारी आणि ड्राइव्ह यांच्या मानकांत भोवतालच्या हवेची मर्यादा बहुधा ४० अंश धरलेली असते आणि त्यापुढे प्रत्येक अंशागणिक क्षमता घटवावी लागते. युरोपला ४० हा आकडा पुरेसा असेल. आपल्या पैठण, गंगापूर, वैजापूरच्या शेतशिवारात तो उन्हाळ्यातील एक सामान्य दिवस आहे.

हा विषय आज निकडीचा होण्याचे कारण उघड आहे. पीएम-कुसुम आणि ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ या योजनांमुळे महाराष्ट्रात सौरपंपांची संख्या विलक्षण वेगाने वाढत आहे. एका महिन्यात पंचेचाळीस हजारांहून अधिक पंप बसवल्याबद्दल डिसेंबर २०२५ मध्ये राज्याच्या नावे गिनीज विक्रमाची नोंद झाली आणि त्याचा सोहळा छत्रपती संभाजीनगर येथेच झाला. रात्री-अपरात्री विजेची वाट पाहत बांधावर बसणारा शेतकरी दिवसा पाणी देऊ लागला, ही सामान्य गोष्ट नव्हे. म्हणूनच तो पंप दहा-पंधरा उन्हाळे टिकला पाहिजे. विक्रम बसवण्याचा झाला. टिकण्याचा विक्रम व्हायचा आहे.

कोणी म्हणेल, हे सूक्ष्म काम आपल्याला कसे जमणार? त्यांनी चंद्रपूर ते पडघे या उच्चदाब एकदिश वाहिनीकडे पाहावे. १९९९ मध्ये कार्यान्वित झालेली, सुमारे ७५२ किलोमीटर लांबीची ही वाहिनी विदर्भातील १५०० मेगावॉट वीज मुंबईच्या उंबरठ्यावर आणून पोहोचवू शकते. तिच्या दोन्ही टोकांना थायरिस्टरचे मनोरे आहेत. इतक्या विजेतील एक टक्का जरी उष्णतेत गेला, तरी १५ मेगावॉट होतात. म्हणून त्या मनोऱ्यांतून अतिशुद्ध केलेले, वीज न वाहू देणारे पाणी अखंड खेळवावे लागते. हे पाणी थांबले तर वाहिनी बंद करण्यावाचून गत्यंतर नसते. चंद्रपूर हे देशातील अत्यंत तप्त शहरांपैकी एक. तेथे आपले अभियंते आणि तंत्रज्ञ पाव शतकाहून अधिक काळ हे व्रत सांभाळत आहेत. तंत्रज्ञान आरंभी परक्या कंपनीसह आले, भेलने त्यात हात घातला. पण चंद्रपूरच्या उन्हात ते चालवण्याची विद्या आपल्या माणसांनी कमावलेली आहे.

याउलट, जगातील अग्रगण्य कंपन्यांनाही उष्णता माफ करत नाही. टोयोटाने फेब्रुवारी २०१४ मध्ये जगभरातील सुमारे १९ लाख प्रियस मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. इन्व्हर्टरच्या नियंत्रणप्रणालीतील त्रुटीमुळे काही ट्रान्झिस्टरवर उष्णतेचा अतिरिक्त ताण येऊन ते निकामी होण्याची शक्यता होती. गुणवत्तेसाठी ख्यातनाम कंपनीने चूक उघडपणे मान्य करून ती सुधारली, हे शिकण्यासारखे आहे. याच टोयोटाच्या भारतीय कंपनीने जुलै २०२४ मध्ये बिडकीन येथे २० हजार कोटी रुपयांच्या प्रकल्पासाठी महाराष्ट्र शासनाशी सामंजस्य करार केला. एथर एनर्जीनेही विजेच्या स्कूटरसाठी बिडकीनचीच निवड केली. उष्णतेचा हा प्रश्न आता आपल्या अंगणात येऊन उभा आहे.

आणि येथेच संभाजीनगरच्या भवितव्याचा प्रश्न येतो. १९८५ मध्ये बजाजचा कारखाना वाळूजला आला. त्याच वर्षी एन्ड्युरन्सने अॅल्युमिनियम डाय-कास्टिंगचे काम आरंभले. त्यांच्याभोवती शेकडो लहान कारखाने उभे राहिले. खेड्यातून आलेल्या मुलाने यंत्रावर हात बसवला, मग कर्ज काढून एक शेड घेतली, पुढे दहा-वीस जणांना काम दिले, अशी कितीतरी कुटुंबे या शहरात आहेत. या उद्योगाचा एक मोठा भाग इंजिनाचा आहे. मोटारसायकलच्या हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला ज्या पातळ फिन्स असतात, त्या बिनचूक ओतणे, त्यात पोकळी न राहू देणे, त्यांची जाडी आणि अंतर सांभाळणे ही विद्या वाळूज-चिकलठाण्याच्या कारागिरांच्या बोटांत चाळीस वर्षे मुरलेली आहे.

विजेच्या वाहनाला सिलिंडर नाही, पिस्टन नाही, कार्ब्युरेटर नाही. पेट्रोलचे इंजिन हळूहळू मागे पडेल, तेव्हा या शेड्सचे काय होणार? ही चिंता आज प्रत्येक लघुउद्योजकाच्या घरात आहे. कोणी बोलून दाखवतो, कोणी मनात ठेवतो. तिचे सगळे उत्तर उष्णतेत आहे असा माझा दावा नाही. पण एक मोठा अंश निश्चित आहे. इंजिन गेले तरी उष्णता जात नाही. इन्व्हर्टरला, चार्जरला, बॅटरीला, मोटारीला थंड करावेच लागते आणि त्यासाठी लागतात त्याच फिन्स, तेच अॅल्युमिनियम, तोच बिनचूक हात. सिलिकॉन कार्बाइडच्या चकतीत हानी कमी होते हे खरे; परंतु ती आकारानेही लहान असल्यामुळे उरलेली उष्णता अधिकच दाटीने बाहेर पडते. म्हणजे शीतकरणाचे महत्त्व पुढील काळात कमी होणारे नाही.

पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत एकात्म मानवदर्शनावर चार व्याख्याने दिली. यंत्र हे आपल्या देशाच्या गरजांना आणि परिस्थितीला अनुरूप असले पाहिजे, असा आग्रह त्यांनी त्यात धरला होता. स्वदेशीचा अर्थ परदेशी पेटीवर देशी नाव चिकटवणे असा कधीच नव्हता. जी पेटी आपल्या उन्हाचा, धुळीचा आणि शेतकऱ्याच्या खिशाचा विचार करून घडवली, ती खरी स्वदेशी. या कसोटीवर आपण स्वतःलाही तपासले पाहिजे. स्वदेशीच्या व्यासपीठांवरून होणारी किती भाषणे कारखान्यातील चाचणीच्या टेबलापर्यंत पोहोचतात?

काय करता येईल? पहिली गोष्ट शासनाने करावयाची आहे. पंप आणि इन्व्हर्टर यांच्या निविदांत किमतीइतकेच वजन उष्णतेच्या चाचणीला द्यावे. उघड्या उन्हात, धुळीने भरलेल्या फिन्ससह, ५० अंशांच्या हवेत पूर्ण भाराने चालवून दाखवा, आणि निकाल शेतकऱ्याला वाचता येईल असा जाहीर करा. सर्वांत स्वस्त पेटी चौथ्या उन्हाळ्यात बंद पडली, तर ती सर्वांत महाग ठरते.

दुसरी गोष्ट शहराने करावी. शेंद्र्यात देवगिरी इलेक्ट्रॉनिक्स क्लस्टर आहे, वाळूजमध्ये मराठवाडा ऑटो क्लस्टर आहे, विद्यापीठ परिसरात नायलिटचे केंद्र आहे, १९६० पासूनचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. मसिआ, सीएमआयए, लघु उद्योग भारती यांसारख्या संघटना आहेत. यांनी एकत्र येऊन उष्णता-चाचणीची एक सामाईक प्रयोगशाळा उभारावी. उष्णतादर्शक कॅमेरा, तप्त हवेची खोली, धुळीची पेटी एवढ्या सामग्रीनेही प्रारंभ होऊ शकतो. लहान उद्योजकाला आपला नमुना घेऊन दूरच्या शहरात हेलपाटे घालावे लागू नयेत. आणि आपली उत्तरे पाण्यावर फार विसंबणारी नसावीत. ज्या शहरात नळाला पाणी येण्याचा दिवस गृहिणीला ध्यानात ठेवावा लागतो, तेथे धूळ न धरणाऱ्या, पंख्यावाचून चालणाऱ्या रचनेला प्राधान्य मिळाले पाहिजे. पंखा हा फिरणारा भाग आहे. काळ्या मातीच्या धुळीत तोच आधी थांबतो.

तिसरी गोष्ट आपल्या घराची. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेमुळे अनेक गच्च्यांवर सौरपट्ट्या आल्या आहेत. इन्व्हर्टर पश्चिमेच्या भिंतीवर उघड्या उन्हात लावू नये. सावलीत, वर-खाली आणि बाजूंना मोकळी जागा सोडून लावावा. त्यावर कपडे वाळत घालू नयेत, तो कपाटात कोंडू नये. पाऊस संपला आणि उन्हाळा लागण्याआधी, अशी वर्षातून दोनदा वीज बंद करून फिन्सची धूळ कोरड्या ब्रशने झाडावी. शाखेतील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी सुट्टीत आपल्या वस्तीतील, आपल्या गावातील पंपांच्या पेट्या पाहाव्यात, साध्या तापमापकाने नोंदी घ्याव्यात, पेटीवर पत्र्याची छोटी छत्री बसवून फरक मोजावा. अशा शंभर प्रामाणिक नोंदी एखाद्या मोठ्या परिसंवादाहून अधिक उपयोगी ठरतील.

वेरूळचे कैलास लेणे कोरणाऱ्यांनी या डोंगराचा काळा दगड आधी ओळखला, त्याचा स्वभाव जाणला आणि मगच छिन्नी लावली. आपल्या ऊन-धुळीचा स्वभावही असाच जाणून घ्यावा लागेल. वैशाख दरवर्षी येणारच आहे. पुढच्या वैशाखात वाळूजच्या एखाद्या लहानशा शेडमध्ये घडलेल्या फिन्स पैठणच्या शेतात भर दुपारी पंप चालता ठेवत असतील, तर सेमीकंडक्टरच्या जयघोषात मराठवाड्याचाही स्वर मिसळला असे म्हणता येईल.