काचेपुढची काच

कॅमेऱ्याच्या दुकानात शिरलेला माणूस यूव्ही फिल्टर न घेता बाहेर पडू शकत नाही, असा एक निसर्गनियमच असावा. "लेन्सला संरक्षण हो, साहेब!" फिल्मच्या जमान्यात त्या काचेला काही अर्थ तरी होता. डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सरपुढे अतिनील किरणं अडवायची सोय आधीच असते. म्हणजे आपण विकत घेतो ती खिडकीची तावदानं. आणि ज्या एका फिल्टरने खरोखर काही घडतं, तो पोलरायझर मात्र खालच्या खणात. "ते प्रोफेशनल लोकांचं!"

का म्हणून? १८०८ साली पॅरिसमध्ये माल्युस नावाच्या गृहस्थाने लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवर चमकणारा मावळता सूर्य एका स्फटिकातून पाहिला. स्फटिक फिरवला तशी चमक कमीजास्त झाली. एवढंच तत्त्व. पाण्यावरची किंवा काचेवरची चमक साधारण ३५ अंशांच्या तिरक्या नजरेने पाहा आणि फिल्टर फिरवा. चमक नाहीशी!

आमच्या पुतण्याला हे पटत नाही. "काका, कॉम्प्युटरवर होतं की सगळं!" होतं ना. आभाळ हवं तेवढं निळं होतं. पण तळ्यावरच्या चकाकीखाली दडलेला मासा फोटोत उतरलाच नाही, तर कॉम्प्युटर तो आणणार कुठून? हल्ली यंत्रबुद्धी मासा काढूनही देते म्हणे. देईल, पण तो मासा आमच्या तळ्यातला नव्हे. उद्या आजोबांच्या काचेच्या तसबिरीचा फोटो काढाल आणि चकाकीच्या जागी यंत्र स्वतःच्या मनाने एक मिशी बसवून देईल. ती मिशी कोणाची, हे सांगायला तेव्हा घरात कोणी उरलेलं नसेल.

दुसरा पंथ "ऊन नाही तर फिल्टर कशाला?" वाल्यांचा. यांनी सह्याद्री फक्त कॅलेंडरवर पाहिलेला असतो. आषाढात ढगाळ आभाळाचा पांढरा उजेड ओल्या पानांवर सांडतो आणि हिरवा डोंगर फोटोत चुना लावल्यासारखा येतो. फिल्टर फिरवला की पान हिरवं, कातळ काळा. अहो, हा फिल्टर पावसाळ्यासाठीच जन्मला आहे!

घेताना 'सर्क्युलर' घ्या. सर्क्युलर म्हणजे गोल नव्हे. गोल सगळेच असतात. साध्या लिनिअर फिल्टरमुळे आरशाच्या एसएलआर कॅमेऱ्याचं फोकस आणि प्रकाशमापन गोंधळतं. मिररलेसला दोन्ही चालतात. आपल्या सर्वांत रुंद लेन्सच्या मापाचा एकच चांगला घ्या, बाकीच्यांना स्टेप-अप रिंगा लावा; त्या स्वस्त मिळतात. प्रत्येक लेन्सला वेगळा फिल्टर घेणं म्हणजे प्रत्येक शर्टाला वेगळा चष्मा. दुकानातच रिंग फिरवून पाहा, अडकत असेल तर परत करा. आणि कायम लावून ठेवू नका, एक ते दोन स्टॉप उजेड खातो तो. अगदी रुंद कोनाच्या लेन्सवर तर निळ्या आभाळात मधेच शाईचा डाग पडल्यासारखं दिसतं.

धातूपुढे मात्र त्याचं फारसं काही चालत नाही. पितळी डब्यांची चमक घालवायची असेल तर चार महिने त्यांना चिंच न लावणं, हा एकच उपाय.