गच्चीवरचा सोलर, बाथरूममधला गिझर

गेल्या रविवारी गाद्या उन्हात टाकायला गच्चीवर गेलो. आमच्या सोसायटीचे सोलर तिथे ओळीने उभे आहेत. जवळ जाऊन बघतो तर निम्म्या काचेच्या नळ्या फुटलेल्या, उरलेल्यांवर बोटभर धूळ. वॉचमनकाका म्हणाले, "तीन वर्षं झाली की साहेब बंद होऊन!" आणि मी तिथेच राहतो :-)

सवयीने हिशोब मांडला. २० लिटरची बादली २२ अंशांवरून ४२ वर न्यायला साधारण अर्धा युनिट वीज लागते. घरात चार माणसं, म्हणजे रोज २ युनिट. पावसाळी दिवस सोडून वर्षाचे २५० दिवस धरले तरी घरटी ५०० युनिट. आपली बहुतेक वीज अजून कोळशाचीच, त्यामुळे युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. आमचे फ्लॅट ४८. म्हणजे वर्षाला जवळजवळ १७ टन, आणि तेही सोलर डोक्यावर बसवलेला असताना!

शहराचं प्रदूषण म्हटलं की आपण गाड्यांकडे बोट दाखवतो. पण मुंबई महापालिकेने २०२२ साली जो हवामान कृती आराखडा काढला, त्यात कार्बनचा सगळ्यात मोठा वाटा वाहनांचा नाही. तो घरं, ऑफिसं, दुकानं वगैरेंना लागणाऱ्या ऊर्जेचा आहे, त्यातही मुख्यतः विजेचा. हा भाग महापालिकेच्या हातातला, कारण बांधकामाची परवानगीही तीच देते आणि मिळकत करही तीच घेते.

पुणे महापालिका सोलर, गांडूळखत आणि पावसाचं पाणी साठवणं यांपैकी एक केलं तर सर्वसाधारण करात ५ टक्के आणि दोन किंवा जास्त केलं तर १० टक्के सवलत देते. कल्पना मला मनापासून आवडते. पैशाची भाषा सोसायटीच्या कमिटीला लगेच कळते. माझं म्हणणं इतकंच, की सवलत वस्तूला देऊ नका, गरम पाण्याला द्या. सॉफ्टवेअरमध्ये आपण कोड चढवून घरी जात नाही (बरं, जातो कधीकधी), तो चालतोय का ते बघतो.

आमचा सोलर का मेला? बोअरच्या पाण्याचा क्षार नळ्यांत साचला हे एक. पण खरी गोम पाइपात आहे. खालच्या मजल्यांवर गरम पाणी यायच्या आधी दोन बादल्या गार पाणी सोडून द्यावं लागायचं. म्हणून तिथे गिझर लागले. मग दुरुस्तीचा विषय निघाला तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "आम्हाला मिळतच नाही, तर पैसे का द्यायचे?" काकूंचं चुकलं कुठे?

म्हणून बांधकाम मंजूर करतानाच महापालिकेने गरम पाण्याच्या पाइपाला उष्णतारोधक वेष्टण आणि पाणी फिरतं ठेवणारी रिटर्न लाइन मागावी. आणि सवलतीची अट आकड्यात लिहावी: डिसेंबरात सकाळी सात वाजता सगळ्यात खालच्या नळाला पाणी किती अंश? विजेच्या सोलरचं तर आणखी सोपं, नेट मीटरच्या बिलावर युनिट छापूनच येतात. एवढे इन्स्पेक्टर आणायचे कुठून? नकोतच. चिठ्ठ्या टाकून शंभरातल्या पाच सोसायट्या तपासा, बाकीच्या धाकाने नळ्या पुसतील.

असो. मी कोटेशन मागवलंय. काकूंना रिटर्न लाइन समजावून सांगायचं अजून बाकी आहे.