नाकाने केलेला पंचनामा

जुना पेट्रोल पंप बंद होतो, जमिनीखालची पोलादी टाकी क्रेनने उचलली जाते आणि काही वर्षांनी शेजारच्या बोअरवेलच्या पाण्याला इंधनाचा दर्प येऊ लागतो, तेव्हा उसळणारा संताप रास्तच असतो आणि त्याचे समर्थन करण्यात शाई दवडण्याचे कारण नाही. विचार करायला हवा तो टाकी उचलल्यापासून खड्डा बुजेपर्यंतच्या काही तासांचा. या अवधीत कोणीतरी काठावरून डोकावतो, मूठभर माती हुंगतो, ‘वास नाही’ असे जाहीर करतो आणि मुरमाचा डंपर रिकामा होतो. माती व भूजलाची तपासणी म्हणून खपवला जाणारा हा नाकाचा पंचनामा बंद झाला पाहिजे.

पेट्रोलमधील बेंझिन हा रक्ताचा कर्करोग घडवणारा घटक असून पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली त्याची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा एक लक्षांश, इतकी आहे. भारत स्टेज 6 च्या पेट्रोलमध्ये बेंझिन आकारमानाने 1 टक्क्यापर्यंत चालते; त्या हिशेबाने एका लिटरमध्ये सुमारे 8.8 ग्रॅम बेंझिन असू शकते आणि ते सगळे विरघळले, तर 8 लाख 80 हजार लिटर पाणी, म्हणजे दहा हजार लिटरचे 88 टँकर, ही मर्यादा गाठतात. पाण्यातील बेंझिनचा वास माणसाला जाणवतो तो या मर्यादेच्या कितीतरी पटींवर, त्यामुळे ‘वास नाही’ या निर्वाळ्याने केवळ हुंगणाऱ्याची मर्यादा सिद्ध होते.

महाराष्ट्राचा बराचसा भाग ज्या बेसाल्टवर वसला आहे, त्यात पाणी मुख्यतः भेगा, सांधे आणि झिजलेल्या थरांतून वाहते, म्हणून खड्ड्याचा तळ कोरडा दिसला तरी इंधन एखाद्या भेगेने पुढे सरकलेले असू शकते. पाण्याहून हलके असल्याने ते भूजलाच्या माथ्यावर तरंगते, उन्हाळ्यात पातळीबरोबर खाली उतरते आणि पावसाळ्यात पातळी चढू लागली की वाटेतल्या मातीला व खडकाला चिकटून मागे राहते. एकाच ऋतूत घेतलेला पाण्याचा एकच नमुना अशा जागी अपुरा ठरतो. येथे तर तोही घेतला जात नाही.

यावर ठरलेली उत्तरे मिळतात. ‘टाकी गळतच नव्हती’, हे खरे मानले तरी इंधन नळांच्या सांध्यांतून झिरपते आणि टाकी भरताना तोंडाशी सांडते, त्यामुळे धडधाकट टाकीखालची माती निर्दोष ठरत नाही. ‘पेट्रोल उडून जाते’, असे सांगणाऱ्यांनी ते उडून कोठे जाते हेही सांगावे, कारण मुरमाखाली कोंडलेली वाफ त्याच भूखंडावर उभ्या राहणाऱ्या इमारतीच्या तळघरात शिरू शकते. ‘खर्च परवडत नाही’, ही तक्रार तर त्याच भूखंडाचे चटईक्षेत्र दशांश चिन्हापुढच्या आकड्यांपर्यंत मोजणाऱ्यांच्या तोंडी ऐकू येते!

अमेरिकेत 1988 च्या नियमांनी टाकी कायमची बंद करताना, गळतीची शक्यता जेथे सर्वाधिक तेथे मोजणी करणे सक्तीचे केले. त्याच धर्तीवर येथेही खड्डा उघडा असतानाच त्याचा तळ, चारही भिंती, नळांची वाट आणि इंधन भरण्याचे तोंड येथून मातीचे स्वतंत्र नमुने घेतले जावेत. बेंझिन हवेत निसटते, म्हणून ते हवाबंद काचेच्या बाटलीत, थंड ठेवून प्रयोगशाळेत पोहोचावेत. भूजलापर्यंत निरीक्षणाची बोअर घेऊन पाणी पावसाळ्याआधी व नंतर तपासले जावे आणि अहवाल शेजाऱ्यांना वाचायला मिळावा. मातीच्या अहवालाविना बुजवलेला प्रत्येक खड्डा पुन्हा उकरला जावा आणि त्याचा खर्च तो बुजवणाऱ्याकडूनच वसूल व्हावा.