विश्लेषण : फुटबॉलमधील मुख्य प्रशिक्षकाचे पद कधी हवेहवेसे वाटते?

भारतीय पुरुष फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षकपद २०२५ च्या जुलैमध्ये रिकामे झाले, तेव्हा अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे तब्बल १७० अर्ज आले. त्या वेळी भारत जागतिक क्रमवारीत १३३ व्या स्थानी घसरला होता आणि देशातील सर्वोच्च लीगचे भवितव्यही अधांतरी होते. तरीही एवढे अर्ज का आले? आणि एखादे पद प्रशिक्षकाला खरोखर आकर्षक वाटते ते कशामुळे? नांदेड-लातूरसारख्या, व्यावसायिक क्लब नसलेल्या जिल्ह्यांतील होतकरू प्रशिक्षकांसाठीही हे गणित समजून घेण्यासारखे आहे.

नेमके काय घडले होते?

इगोर स्टिमॅक यांना जून २०२४ मध्ये हटवल्यानंतर मानोलो मार्केझ यांच्याकडे संघ सोपवण्यात आला. मात्र ते त्याच हंगामात एफसी गोवा संघाचेही प्रशिक्षक होते. त्यांच्या आठ सामन्यांत भारताला एकच विजय मिळाला, तो मालदीवविरुद्ध. जून २०२५ मध्ये हाँगकाँगकडून ०-१ असा पराभव झाला आणि जुलैच्या सुरुवातीला दोन्ही बाजूंच्या संमतीने करार संपला. अर्जांच्या गर्दीत झावी आणि पेप गार्डिओला यांच्या नावाचे ई-मेलही होते. ते खोटे असल्याचे महासंघाला जाहीर करावे लागले. अंतिम तिघांत स्टीफन कॉन्स्टंटाइन, स्टेफान टार्कोविच आणि खालिद जमील होते. १ ऑगस्टला जमील यांची निवड झाली. सॅव्हियो मदेरा यांच्यानंतर तेरा वर्षांनी हे पद भारतीयाकडे आले.

पगार हाच मुख्य निकष असतो का?

पगार महत्त्वाचा असतोच. पण तो वेळेवर मिळेल का, हा प्रश्न त्याहून मोठा असतो. इंडियन सुपर लीगच्या आयोजकांचा महासंघाशी असलेला करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार होता. त्याच्या नूतनीकरणाचा तिढा न सुटल्याने जुलैमध्ये नवा हंगाम स्थगित झाला. ऑगस्टमध्ये बंगळूरु एफसीने मुख्य संघातील खेळाडू आणि कर्मचाऱ्यांचे पगार थांबवले. लीग अखेर १४ फेब्रुवारी २०२६ रोजी सुरू झाली, तीही आटोपशीर स्वरूपात. स्पर्धा कधी होणार हेच माहीत नसेल, तर करारावरील आकडा कितीही मोठा असला तरी त्याला अर्थ उरत नाही.

मग अनुभवी प्रशिक्षक काय पाहतो?

लातूर आणि नांदेडमध्ये ‘कोचिंग’ म्हटले की आधी नीट-जेईईचे क्लास आठवतात. भौतिकशास्त्राचा नावाजलेला शिक्षक नव्या क्लासमध्ये जाताना काय विचारतो? बॅच कशी आहे, प्रवेश कोण ठरवणार, टेस्ट सिरीज कुणाची, आणि पहिल्याच वर्षी निकाल नाही लागला तर? फुटबॉल प्रशिक्षकाचे प्रश्नही जवळपास असेच असतात. संघात कोणते खेळाडू आहेत, नवे खेळाडू घेताना आपला शब्द चालेल का, सहायक, गोलरक्षक आणि तंदुरुस्ती प्रशिक्षक आपल्या पसंतीचे असतील का, सरावाचे मैदान हक्काचे आहे का, आणि मालकाची अपेक्षा संघाच्या कुवतीला धरून आहे का? यातल्या दोन-तीन प्रश्नांची उत्तरे नकारार्थी असतील, तर गलेलठ्ठ पगाराची नोकरीही सापळा ठरू शकते.

मुंबईतून काय शिकता येते?

मुंबई सिटी एफसीमध्ये २०१९ पासून सिटी फुटबॉल ग्रुपची मोठी भागीदारी होती. सर्जिओ लोबेरा यांनी २०२०-२१ मध्ये लीग शील्ड आणि करंडक दोन्ही जिंकून दिले. त्यांच्या जागी आलेल्या डेस बकिंगहॅम यांनी २०२२-२३ ची शील्ड जिंकली. ते २०२३ मध्ये हंगाम अर्ध्यावर असताना इंग्लंडमधील ऑक्सफर्ड युनायटेडला गेले. तरी पीटर क्रॅटकी यांच्या हाताखाली संघाने त्याच हंगामाचा करंडक पटकावला. बकिंगहॅम आणि क्रॅटकी दोघेही त्याच समूहाच्या मेलबर्न सिटी संघात सहायक होते. प्रशिक्षक बदलले, पण खेळाडू निवडण्याची आणि खेळण्याची पद्धत मोडली नाही. अशा ठिकाणी येणाऱ्याला शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये सिटी समूह बाहेर पडला. त्यामुळे जुनी घडी किती टिकते, हा या क्लबच्या पुढच्या प्रत्येक प्रशिक्षकासाठी कळीचा मुद्दा राहील.

कागदावर दुय्यम दिसणारे पद फायद्याचे ठरते का?

ठरू शकते. याचे ठळक उदाहरण खुद्द जमील यांचेच आहे. सुमारे सात वर्षे मुंबई एफसीचे प्रशिक्षक राहिल्यानंतर ते २०१६ मध्ये मिझोरामच्या ऐजॉल एफसीकडे गेले. हा संघ आदल्या हंगामात आय-लीगमधून खाली घसरला होता आणि नंतर त्याला परत घेण्यात आले होते. पैसा कमी आणि अपेक्षाही माफक. मात्र स्थानिक तरुण खेळाडूंची फळी आणि फुटबॉलवेडे गाव हाताशी होते. मुंबईत त्यांच्या हाताखाली खेळलेले जयेश राणे आणि आशुतोष मेहता हेही तेथे आले. एप्रिल २०१७ मध्ये ऐजॉल विजेता ठरला. त्याच हंगामात मुंबई एफसीची घसरण झाली आणि पुढे हा क्लब बंद पडला. म्हणजे पदाचा मोठेपणा शहराच्या नावावरून ठरत नाही.

मुदत किती महत्त्वाची?

अॅलेक्स फर्ग्युसन १९८६ मध्ये मँचेस्टर युनायटेडमध्ये आले आणि पहिले लीग विजेतेपद मिळाले ते १९९३ मध्ये. आज एवढी सबुरी दुर्मीळ आहे. नॉटिंगहॅम फॉरेस्टने २०२५ मध्ये अँज पोस्टेकोग्लू यांना अवघ्या ३९ दिवसांत काढले. म्हणूनच आधीच्या प्रशिक्षकाला किती वेळ मिळाला होता, हे उमेदवार आवर्जून पाहतात. मधूनच काढल्यास भरपाई किती, हे कलम पगाराइतकेच बारकाईने वाचले जाते.

राष्ट्रीय संघाचे पद वेगळे कसे?

येथे प्रतिष्ठा मोठी, पण अधिकार तोकडे असतात. खेळाडू क्लबचे असतात आणि प्रशिक्षकाला ते ठरावीक दिवसांपुरतेच मिळतात. जमील यांच्या पहिल्याच स्पर्धेसाठी, सीएएफए नेशन्स कपसाठी, मोहन बागानने खेळाडू सोडले नाहीत. स्पर्धा फिफाच्या राखीव कालावधीत नसल्याचे कारण दिले गेले. तरीही भारताने ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरे स्थान मिळवले. मात्र ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरकडून १-२ असा पराभव झाला आणि २०२७ च्या आशिया चषकाची वाट बंद झाली. पुढच्याच महिन्यात ढाक्यात बांगलादेशनेही हरवले. कौतुक आणि टीका यांच्यात जेमतेम पाच आठवडे गेले. भारतीय प्रशिक्षकासाठी ही शिखरावरची संधी असते, कारण लीगमधील बहुतेक मुख्य पदे परदेशी प्रशिक्षकांकडे जातात. १७० अर्जांमागे हेही एक कारण आहे.

नांदेड-लातूरशी याचा संबंध काय?

मुख्य प्रशिक्षक होण्याची पायरी गावाच्या मैदानापासूनच सुरू होते. महासंघाचे परवाने डी, सी, बी, ए आणि प्रो अशा क्रमाने मिळतात. सुपर लीगमध्ये मुख्य प्रशिक्षकाला प्रो परवाना लागतो. नांदेड-लातूरच्या शाळांसमोर सुब्रतो चषकासारखी स्पर्धा असते : आधी जिल्हा, मग विभाग, मग राज्य. पण संघ स्पर्धेच्या तोंडावर उभा राहतो आणि स्पर्धा संपली की विखुरतो. दहावीनंतर अनेक मुले क्लासच्या वेळापत्रकात अडकतात. अशा स्थितीत तरुण प्रशिक्षक पुणे-मुंबईची वाट धरतो, याचे नवल नाही.

त्याला जिल्ह्यातच थांबवायचे असेल, तर शाळांना आणि अकादमींना मुंबई सिटीचा पैसा लागत नाही. आठवड्यातले ठरलेले दिवस मैदान, वर्षभराचे मानधन, तीन वर्षे तरी तीच मुले हाताखाली आणि निवडीत पालक-पदाधिकाऱ्यांची ढवळाढवळ नाही, एवढी हमी देता आली तरी पुष्कळ. प्रशिक्षकानेही रुजू होण्यापूर्वी या चार गोष्टी लेखी मागाव्यात. ऐजॉलला जाणाऱ्या जमील यांना जे मिळाले, त्यातले बरेचसे याच यादीत बसते.