बादली ज्याची त्याची

आमच्या तबेल्यात गेल्या वर्षीचं सगळ्यात मोठं भांडण झालं ते एका हिरव्या बादलीवरून. बादली माझ्या घोडीची. सकाळी ती जागेवर नव्हती. शोधली, तर शेजारच्या ठाणातला घोडा तिच्यात तोंड घालून आरामात पाणी पीत होता. मी मोतद्दाराकडे पाहिलं, त्यानं घोड्याच्या मालकांकडे पाहिलं आणि मालक म्हणाले, ‘‘अहो मॅडम, बादलीच आहे, सोनं नाही.’’ त्यानंतर आमच्यात जे बोलणं झालं ते आरोग्याच्या सदरात छापण्यासारखं नाही.

सव्वीस वर्षं सरकारी रुग्णालयात काढलेल्या डॉक्टरकडे घोडी कुठून आली, असा प्रश्न पडला असेल. घोडी लेकीची. शर्यतीतून बाद झालेली, म्हणून स्वस्तात मिळालेली. लेक शिकायला बंगळुरूला गेली आणि घोडी माझ्या गळ्यात पडली. आता सकाळी वॉर्डाची फेरी आणि त्याआधी तबेल्याची फेरी, असा दिवस सुरू होतो. शहराबाहेर एका शेतावर पत्र्याचा लांबलचक तबेला आहे. नऊ घोडे, सात मालक, दोन मोतद्दार आणि सगळ्यांत मिळून एक हौद. मालकांमध्ये एक निवृत्त फौजी आहेत, एक बांधकाम व्यावसायिक आहेत आणि वरातीला घोड्या देणारे एक काका आहेत. काकांच्या तीन पांढऱ्या घोड्या आहेत आणि त्यांचं घर त्याच घोड्यांवर चालतं. बाकी आम्ही सगळे हौशी.

सात जणांनी मिळून तबेला वापरायचा म्हणजे काय, हे चाळीत सामाईक नळावर दिवस काढलेल्यांना वेगळं सांगायला नको. खराऱ्याचा ब्रश जाग्यावर सापडेल तर शपथ. चंदीचं पोतं आपण भरायचं आणि ते कुणाच्या तोबऱ्यात रिकामं होतं ते कळायचं नाही. एक जण रिंगणाचं फाटक उघडं टाकून जातो. दुसरा आपल्या ठाणातली लीद झाडून बरोबर आपल्या हद्दीबाहेर, म्हणजे माझ्या दारात, आणून ठेवतो. शेजारचा घोडा वैरण खात असतानाच कुणाला तरी झाडू मारायची हुक्की येते आणि सगळी धूळ त्याच्या नाकात जाते. आणि रविवारी पाहुणे येतात. ‘‘किती गोड आहे हो!’’ म्हणत ते समोर येईल त्या घोड्याला गूळ, केळी, एकदा तर चक्क बुंदीचे लाडू भरवतात. घोड्याला उलटी करता येत नाही, हे त्यांना कोण सांगणार? पोटात गेलेलं तोंडावाटे परत येण्याची सोयच त्याच्याकडे नाही. म्हणून घोड्याचा पोटशूळ ही कधीही जीवावर बेतणारी गोष्ट असते. त्या लाडवांच्या रात्री फौजी काका आपल्या घोड्याला पहाटेपर्यंत चालवत होते आणि पाहुण्यांना शिव्या घालत होते.

या तक्रारी मलाही बरेच दिवस क्षुल्लक वाटत होत्या. आमच्या वॉर्डातही असंच चालतं. एका खाटेवरचा पेला दुसऱ्या खाटेवर जातो, नातेवाईक शेजारच्या पेशंटच्या पलंगावर बसून डबा खातात, हात धुवा म्हणणारी सिस्टर सगळ्यांना खडूस वाटते. तिथे मी सिस्टरच्या बाजूनं उभी राहते. तबेल्यात मात्र मीच ती खडूस बाई ठरले होते आणि ते मला झेपलं नाही.

बादलीच्या भांडणानंतर पंधरा दिवसांनी रात्री उशिरा टेम्पोतून एक नवा घोडा आला. देखणा, तांबडा, महागडा. बांधकाम व्यावसायिकांनी तो दुसऱ्या गावच्या मोठ्या तबेल्यातून विकत घेतला होता. सकाळी मी पाहिलं, तर त्याच्या एका नाकपुडीतून पिवळसर शेंबूड येत होता आणि तो वैरणीकडे बघतही नव्हता. ‘‘प्रवासाचा शीण आहे,’’ मालक म्हणाले. मोतद्दारानं त्याला सगळ्यांबरोबर हौदावर नेलं. मी डॉक्टर आहे. नवीन आलेला, नाक वाहणारा, खाणं सोडलेला प्राणी वेगळा बांधायचा, हे कळायला पशुवैद्यक असण्याची गरज नव्हती. पण नुकतंच बादलीवरून वाजलं होतं. पुन्हा कुठे तोंड उघडायचं, म्हणून मी गप्प बसले आणि वॉर्डात निघून गेले.

दहा दिवसांत चार घोडे तापले. जबड्याखाली आणि घशाशी गाठी आल्या, त्या फुटून पू वाहू लागला, गिळताना घोडे मान लांब करू लागले. पशुवैद्य आले आणि त्यांनी निदान केलं : स्ट्रँगल्स. स्ट्रेप्टोकॉकस जातीच्या एका जीवाणूमुळे होणारा हा घोड्यांचा जुना, चिवट रोग आहे. तो हवेतून लांबवर उडत नाही. नाकाला नाक लागून पसरतो आणि तसाच पसरतो तो सामाईक बादली, तोबरा, मोहरकी, हौद आणि माणसांचे हात यांच्यामुळे. पाण्यात तो काही आठवडेही तग धरू शकतो. बहुतेक घोडे बरे होतात. पण काहींच्या घशामागच्या पोकळ पिशव्यांमध्ये जंतू लपून राहतात. असा घोडा वरून ठणठणीत दिसतो आणि महिनोन् महिने इतरांना रोग देत राहतो. आमचा तांबडा बहुधा त्यातलाच होता.

यातली एक गोष्ट सगळ्या घोडेवाल्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे. या रोगात ताप आधी येतो आणि नाकातून जंतू बाहेर पडायला त्यानंतर एक-दोन दिवसांनी सुरुवात होते. म्हणजे रोज सकाळी घोड्याचं तापमान घेतलं, तर तो दुसऱ्याला रोग देण्याआधीच त्याला बाजूला काढता येतो. निरोगी मोठ्या घोड्याचं तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असतं. त्यासाठी साधा डिजिटल थर्मामीटर पुरतो. तो गुदद्वारातून लावायचा असतो, त्यामुळे लाथेच्या टप्प्यात न उभं राहण्याचं भान हवं. नवा घोडा आला की किमान दोन-तीन आठवडे वेगळा बांधायचा, त्याची बादली वेगळी, खरारा वेगळा आणि त्याचं काम सगळ्यात शेवटी करायचं. इतकं साधं आहे. आम्ही यातलं काहीही केलं नव्हतं.

रोग आल्यावर आमच्या ग्रुपवर काय झालं, ते मला जास्त लागलं. दोघा-तिघांनी लगेच निकाल दिला, की हे वरातीच्या घोड्यांनी आणलं. ‘गावभर फिरतात, कुठेही पाणी पितात.’ काकांच्या घोड्यांपैकी दोन आजारी होत्या हे खरं, पण त्या तांबड्यानंतर आठ दिवसांनी तापल्या होत्या. कोण कधी आजारी पडलं हे तारखांसकट लिहून काढलं, की रोगाचा उगम बहुतेक वेळा दिसतो. कागदावर तारखा मांडल्या तेव्हा सगळे गप्प झाले. गरिबाचं जनावर घाणेरडं आणि पैसेवाल्याचं स्वच्छ, हा समज रुग्णालयातही मी रोज पाहते. जंतूंना तो ठाऊक नसतो.

ऐन लग्नसराई होती. काकांनी अकरा वरातींचा विसार घेतला होता. पशुवैद्यांनी सगळा तबेला बंद ठेवायला सांगितला. एकही घोडा बाहेर जाणार नाही, एकही आत येणार नाही. संध्याकाळी काका माझ्याशेजारी येऊन बसले. म्हणाले, ‘‘ताई, तुमची घोडी आजारी पडली तर तुमची रपेट बुडते. माझी पडली तर चूल बंद होते.’’ तिसऱ्या घोडीला अजून काही झालेलं नव्हतं. ती निदान वरातीला नेऊ का, असं ते मला विचारत होते. मी नको म्हटलं. वरातीत दुसरे घोडे भेटतात, आणि ती रोगाच्या उंबरठ्यावर नाही हे कुणी सांगावं? त्यांनी ऐकलं. सहा आठवडे त्यांची कमाई शून्य होती. माझा एक पैसाही गेला नाही, उलट रविवारी झोपायला मिळालं. हा हिशोब मला अजून टोचतो. कारण पहिल्या सकाळी मी बोलले असते, तर तो काकांना भरावा लागला नसता.

स्ट्रँगल्सचा माणसाला फारसा धोका नाही, म्हणून आमचं निभावलं. ग्लँडर्स असता तर? घोड्याच्या नाकातून शेंबूड येणं हे त्याचंही लक्षण असू शकतं. हा रोग घोडे, खेचरं आणि गाढवांना होतो. त्यांच्याकडून तो माणसालाही होऊ शकतो, आणि वेळीच उपचार न मिळाल्यास माणूस दगावतो. लस नाही. २००६ मध्ये तो महाराष्ट्रातल्या घोड्यांत आढळला होता आणि त्यानंतरही देशात अधूनमधून डोकं वर काढत आला आहे. संशय आला की रक्ताचा नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्रापर्यंत जातो. खात्री झाली तर घोड्याला दयामरण देण्यावाचून पर्याय नसतो. प्राण्यांमधल्या संसर्गजन्य रोगांविषयीच्या २००९ च्या कायद्यानुसार अशा रोगाचा संशय आल्यास कळवणं आणि ते जनावर वेगळं ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. पण ज्याचं पोट त्या जनावरावर आहे, तो कळवायला का कचरतो, हे काकांच्या शेजारी बसल्यावर मला पहिल्यांदा नीट कळलं. शासन ग्लँडर्सच्या घोड्याची भरपाई देतं. बंद तबेल्यात अडकलेल्या निरोगी घोड्याच्या बुडालेल्या वरातींची भरपाई मात्र कुणी देत नाही. खरं बोलणाऱ्याला त्याची किंमत एकट्यानं मोजावी लागत असेल, तर लोक लपवणारच. क्षयरोगाच्या बाबतीत आम्ही डॉक्टर हे वर्षानुवर्षं पाहत आलो आहोत.

दुसरी गोष्ट मोतद्दारांची. सात मालकांच्या भांडणात हे दोघं कुणाच्याच हिशोबात नसतात. नऊही घोड्यांना हात लावणारी माणसं तीच. आजारी घोड्याकडून निरोगी घोड्याकडे रोग नेणारेही तेच आणि सगळ्यात जास्त जखमा अंगावर घेणारेही तेच. नालबंद येऊन गेला की जुने खिळे जमिनीवर पडलेले असतात आणि ते कुणी उचलायचे यावर आमच्यात आणखी एक वाद असतो. त्याच धामधुमीत मोठ्या मोतद्दाराच्या टाचेत असाच एक खिळा घुसला. त्यानं हळद लावून फडकं बांधलं होतं. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं, असं मी विचारलं. तो म्हणाला, ‘‘आईला माहीत असेल.’’ आई जाऊन बारा वर्षं झाली होती.

धनुर्वाताचे जंतू घोड्याच्या आतड्यात सहज राहतात आणि लीदीतून मातीत उतरतात. त्यांचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षं टिकतात. गंजलेला खिळा म्हणून धनुर्वात होतो हा गैरसमज आहे. गंजाचा संबंध नाही, खिळ्याला चिकटलेल्या मातीचा आणि लीदीचा आहे. आपल्या देशानं नवजात बाळांचा आणि बाळंतिणींचा धनुर्वात जवळजवळ संपवला. २०१५ मध्ये त्यावर जागतिक आरोग्य संघटनेनंही शिक्कामोर्तब केलं. पण मोठ्या माणसांचं, त्यातही पुरुषांचं, लसीकरण हा आपल्याकडचा मोकळा रकाना आहे. सोळाव्या वर्षीचा डोस झाला की पुढं कुणी विचारत नाही. दर दहा वर्षांनी टीडीचा एक डोस हवा. तो सरकारी रुग्णालयात मिळतो. एकदा धनुर्वात होऊन बरा झालेल्या माणसालाही लस लागतेच, कारण या रोगातून प्रतिकारशक्ती मिळत नाही. मी दोन्ही मोतद्दारांना सोमवारी माझ्याबरोबर रुग्णालयात नेलं. धाकटा, जो उधळलेल्या घोड्याचा लगाम हसत पकडतो, तो सुई बघून दाराबाहेर पळाला. त्याला परत आणावं लागलं. नंतर मालकांना विचारलं, तर सातपैकी चौघांना आपला शेवटचा डोस आठवत नव्हता. त्यात फौजी काकाही होते.

खराऱ्याचे ब्रश आणि खोगिराखालची कापडं यांबद्दल थोडक्यात सांगते. घोड्यांचा नायटा त्यांच्यावाटे घोड्याला आणि माणसालाही होतो. कॉलेजातल्या मुलांपैकी एकीच्या हातावर तो उठला होता आणि ती दुकानदारानं दिलेलं स्टेरॉइडचं मलम लावत होती. नायट्यावर स्टेरॉइड म्हणजे आगीत तेल. ब्रश वेगळे ठेवायचं माझं म्हणणं तिला त्यानंतर पटलं.

आता आमच्याकडे काही नियम झाले आहेत. प्रत्येक ठाणाची बादली वेगळ्या रंगाची आहे. नवा घोडा शेताच्या पलीकडच्या छपरात तीन आठवडे राहतो. तापमानाची वही खुंटीला टांगलेली असते आणि मोतद्दार ती भरतात, बहुतेक दिवस. यातलं जे मंजूर व्हायला सगळ्यात जास्त वेळ लागला, ते म्हणजे दर महिन्याला प्रत्येकानं थोडे पैसे बाजूला टाकायचे, ज्यातून तबेला बंद करावा लागला तर काकांना बुडालेल्या वरातींचे निम्मे तरी पैसे देता येतील. ‘‘त्यांच्या धंद्याचे पैसे आपण का द्यायचे?’’ असा प्रश्न बैठकीत आला. कारण आपल्या घोड्यांची नाकं त्यांच्या खरेपणावर अवलंबून आहेत, असं मी सांगितलं. दोन महिने वाद चालला. तांबड्याच्या मालकांनी सगळ्यात आधी पैसे काढले, हे नमूद करायला हवं.

काल काकांनी स्वतःहून फोन केला. मधल्या घोडीला सकाळी ३८.९ होतं. त्यांनी तिला पलीकडे बांधली होती आणि संध्याकाळची वरात नाकारली होती. पशुवैद्य येऊन गेले, गाठी नाहीत, आज ताप उतरला आहे. मी तबेल्यात पोचले तेव्हा ती वैरण खात होती. पाणी पीत होती माझ्या हिरव्या बादलीतून. मी मोतद्दाराला हाक मारली.